तीनदा ‘दुरुस्त’ झालेला फ्रीज: देवबागमधलं एक प्रकरण

तक्रार एका ओळीची होती: वरचा बर्फाचा कप्पा चालतो, खाली दूध फाटतं. घर देवबागचं, घरगुती खानावळ आणि पाहुण्यांसाठी दोन खोल्या. फ्रीज दोन दारांचा, फ्रॉस्ट-फ्री, अडीचशे लिटरच्या आसपासचा, आठ वर्षं वापरलेला. मे अखेरपासून श्रावणापर्यंत त्याच्यावर तीन दुरुस्त्या झाल्या होत्या. आधी थर्मोस्टॅट बदलला, मग गॅस भरला, मग दुसऱ्या मेकॅनिकने पुन्हा गॅस भरला. दर वेळी फ्रीज आठ-दहा दिवस झकास चालला आणि परत ये रे माझ्या मागल्या.

“पुरो बंद पडलो असतो तर नवो घेतलंय असतंय,” काकी म्हणाल्या. “ह्यो आठ दिस चलता, परत तसोच. चवथ इली तोंडार, मुंबैची माणसां येतली.” खानावळ त्याच चालवतात.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण तेच ‘आठ दिवस’. दुरुस्तीनंतर यंत्र चाललं की दुरुस्ती बरोबर होती असं गिऱ्हाईकही धरतं आणि मेकॅनिकही. पण काही दोष नुसतं यंत्र बंद ठेवल्याने तात्पुरते बरे होतात. हा त्यातलाच होता, आणि त्याने दोन अनुभवी माणसांना चकवलं.

जागा आणि आधीच्या खुणा

देवबाग म्हणजे मालवणच्या दक्षिणेला वाळूची चिंचोळी पट्टी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, त्यामुळे खारा वारा दोन्हीकडून. फ्रीज स्वयंपाकघरात, मागच्या दारापाशी ठेवलेला. कॉम्प्रेसरची बैठक गंजलेली, स्क्रूंची डोकी खाल्लेली. हे इथे अपेक्षितच असतं, त्यात नवल नाही.

इतर दोन खुणा जास्त बोलक्या होत्या. एक, कॉम्प्रेसरच्या चार्जिंग पाइपवर, म्हणजे गॅस भरायच्या नळीवर, पितळी व्हॉल्व्ह तसाच सोडलेला. दोन, कॉम्प्रेसरच्या पट्टीवर गॅस ‘आर ६०० ए’ आणि भरणा ५२ ग्रॅम असं स्पष्ट छापलेलं. गॅस भरताना वजनकाटा वापरला होता का, असं विचारलं तर काकी म्हणाल्या, काटा नव्हता, “घड्याळ लावून” भरला. घड्याळ म्हणजे प्रेशर गेज.

विजेचा दाब आधी पाहिला, कारण किनारपट्टीवर निम्म्या तक्रारींचा उगम तिथेच असतो असं माझं मत आहे. संध्याकाळी तो १८० व्होल्टपर्यंत उतरत होता, पण स्टॅबिलायझर ठणठणीत होता आणि बाहेर २२५ देत होता. कॉम्प्रेसर एका दमात सुरू होत होता, ओव्हरलोड ट्रिप होत नव्हता. रिले आणि कॉम्प्रेसर तिथेच यादीतून बाद केले.

बर्फ काय सांगतो

बहुतेक फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये थंडावा देणारी कॉइल एकच असते, फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड. पंखा तिच्यावरून हवा ओढतो, बहुतेक हवा फ्रीझरमध्ये सोडतो आणि थोडी डॅम्परमधून, म्हणजे हवेच्या झडपेतून, खाली पाठवतो. खालच्या कप्प्याला स्वतःची थंडी नसतेच. हवेतलं बाष्प कॉइलवर गोठतं. ते वितळवायला कॉइलखाली हीटर असतो. जुन्या पद्धतीच्या फ्रीजमध्ये टायमर कॉम्प्रेसरच्या काही तासांच्या धावेनंतर कॉम्प्रेसर थांबवून वीस-तीस मिनिटं हीटरला वीज देतो. पाणी नळीतून मागच्या ट्रेमध्ये उतरतं आणि कॉम्प्रेसरच्या उबेने उडून जातं.

हे वितळणं थांबलं की कॉइलच्या पत्र्यांमधल्या फटी बर्फाने बुजतात. कॉइल गारच असते, पण तिच्यातून हवा जात नाही. फ्रीझर कॉइलला खेटून असल्यामुळे बरेच दिवस तग धरतो, खालचा कप्पा मात्र पहिल्यांदा कोमट होतो. गॅस कमी असता तर दोन्ही कप्पे मंदावले असते आणि फ्रीझरमधला मासा आधी सैल पडला असता. म्हणून ‘वर गार, खाली गरम’ ऐकलं की आधी हवेचा रस्ता बघायचा. गॅसचा विचार नंतर.

फ्रीझर रिकामा करायला वेळ लागला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे काकींनी मे अखेरीस सुरमई, कोळंबी, मोरी असं सगळं साफ करून, पिशव्या बांधून कोंबलं होतं. निम्मा साठा अजून होता. पिशव्या मागच्या जाळीला अशा टेकलेल्या की हवा बाहेर येणारी भोकं दिसतच नव्हती.

पॅनेलचे स्क्रू काढले तरी पॅनेल हलेना, बर्फात रुतलेलं. अशा वेळी स्क्रूड्रायव्हरने बर्फ फोडायचा मोह होतो. कॉइलची नळी ॲल्युमिनियमची असते, टोक लागलं की भोक आणि मग खरोखरच गॅस जातो. प्लग काढला, दोन्ही दारं उघडी ठेवली, आत गरम पाण्याची पातेली ठेवली, खाली जुनी लुगडी अंथरली. पॅनेल सुटेल एवढीच वाट पाहिली, सगळा बर्फ विरघळू दिला नाही. तो बघायचा होता.

वरपासून खालपर्यंत एकसंध पांढरी लादी. पत्रे कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते कळत नव्हतं. वरच्या अंगाला पंख्याच्या पात्यांनी बर्फात गुळगुळीत अर्धवर्तुळ कोरलं होतं. रात्री फ्रीज ‘खरखरता’ अशी काकींची जी बारीक तक्रार होती, तिचा उगम इथे होता.

बर्फ एकसारखा असणं हीच या प्रकरणाची किल्ली. गॅस कमी असतो तेव्हा कॅपिलरीतून, म्हणजे कॉइलला गॅस पोचवणाऱ्या बारीक नळीतून, निघालेला गॅस कॉइलच्या पहिल्या दोन-तीन वळशांतच उडून जातो. बर्फ तेवढ्याच तुकड्यावर धरतो आणि उरलेली कॉइल उघडी, ओलसर दिसते. इथे शेवटच्या वळशापर्यंत सारखाच थर होता. म्हणजे गॅस सगळीकडे पोचत होता, आणि न पोचणारी गोष्ट हीटरची उष्णता होती.

मग गॅस भरल्यावर फ्रीज का चालायचा?

दोन्ही वेळा गॅस भरायला फ्रीज दिवसभर बंद ठेवला होता, एकदा तर टेम्पोत घालून दुकानात नेला होता. तेवढ्या वेळात कॉइलवरचा सगळा बर्फ वितळला. परत लावल्यावर हवा मोकळी, खालचा कप्पा गार, गिऱ्हाईक खूश. नवा बर्फ साचून फटी पुन्हा बुजायला आठ-दहा दिवस लागले. थर्मोस्टॅट बदलला तेव्हाही तेच, नवा सुटा भाग मालवणहून येईपर्यंत फ्रीज बंदच होता.

गेजने का फसवलं, हे त्याहून महत्त्वाचं. त्यात दोन गोष्टी एकत्र आल्या.

पहिली अशी, की बर्फाने झाकलेल्या कॉइलवर हवेची उष्णता पोचत नाही. उष्णता नाही म्हणजे आतला गॅस नीट उकळत नाही, कॉम्प्रेसर ओढत राहतो आणि सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसर गॅस ओढून घेतो त्या बाजूचा, दाब खाली जातो. गेजवर हे थेट ‘गॅस कमी’सारखं दिसतं.

दुसरी गोष्ट गॅसच्या जातीची. आर १३४ ए उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो, त्यामुळे चालू फ्रीजमध्ये सक्शनचा दाब साधारण वातावरणाइतका किंवा किंचित वर दिसतो. आर ६०० ए म्हणजे आयसोब्युटेन. तो उणे १२ च्या आसपास उकळतो. उणे २५ ला चालणाऱ्या कॉइलमध्ये त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या साधारण सहा दशांश, म्हणजे गेजचा काटा शून्याच्या खाली, व्हॅक्यूमच्या बाजूला. हे त्याचं निरोगी वाचन आहे. आर १३४ ए वर हात बसलेल्या माणसाला काटा शून्याखाली दिसला की पोटात गोळा येतो आणि तो काटा वर येईपर्यंत गॅस सोडत राहतो.

म्हणून कॉइल बर्फात असताना गॅसबद्दल कोणताही निकाल देऊ नये, असं मी शिकाऊ पोरांना सांगतो. आधी कॉइल कोरडी करा, पंखा फिरू द्या, तासभर चालवा, मग बघा.

हीटरच्या वाटेवर

बर्फ पूर्ण काढून फ्रीज सुरू केला आणि टायमरचा दट्ट्या स्क्रूड्रायव्हरने हळूहळू फिरवला. ‘टक’ आवाज झाला, कॉम्प्रेसर थांबला. टायमर आपलं काम करतो आहे, हे ठरलं. आता क्लॅम्प मीटरवर हीटरचा करंट दिसायला हवा होता. १८० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर पाऊण अँपिअरच्या आसपास घेतो. मीटर शून्यावर. कॉइल कोमट असताना बायमेटल, म्हणजे तापमानावर चालणारी हीटरची कळ, उघडा असतो, वीज तोडून ठेवतो, तेव्हा शून्य दिसणं साहजिकही असू शकतं. म्हणून प्लग काढून एकेक भाग सुटा मोजला.

हीटर: २९० ओहम, व्यवस्थित. बॉडीशी विजेची गळती नाही.

थर्मल फ्यूज: उघडा. संपलेला.

बहुतेक जण इथे थांबतात, नवा फ्यूज लावतात आणि निघतात. काही जण तर फ्यूज काढून दोन वायरी एकत्र पिळतात. पण थर्मल फ्यूज आपणहून मरत नाही. तो ७० अंशांच्या पुढे गेल्यावर वितळतो, आणि फ्रीझरच्या आत ७० अंश कशाने आले, हे विचारायलाच हवं. हीटरला वेळेत थांबवणं हे बायमेटलचं काम. कॉइल दहा-बारा अंशांवर आली की त्याने सर्किट तोडायचं, आणि पुन्हा गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली गेल्यावर जोडायचं.

बायमेटल खोलीच्या तापमानाला मोजला. उघडा असायला हवा होता, तो बंद, म्हणजे सर्किट जोडलेला होता. हातात घेऊन उजेडात धरला तर प्लॅस्टिकची टोपी फुगलेली, कडेने बारीक चीर, आणि वायर आत शिरते तिथे हिरवट थर. पाणी आत गेलं होतं. कळ चिकटून बसली होती. म्हणजे कधीतरी बर्फ वितळून गेल्यावरही हीटर टायमरची पूर्ण वेळ तापत राहिला, फ्यूज गेला, आणि त्या दिवसापासून कॉइल कधीच वितळली नाही. फ्यूजच्या जागी वायर पिळली असती तर पुढची पाळी आतल्या प्लॅस्टिकची आणि फोमची होती.

नवा बायमेटल बसवण्याआधी तपासायची एक सोपी रीत आहे. नुसत्या बर्फाने तो बंद होत नाही, कारण बर्फाचं पाणी शून्यालाच अडतं. कुटलेल्या बर्फात जाडं मीठ मिसळलं की मिश्रण उणे दहाच्या खाली सहज जातं. बायमेटल पिशवीत घालून त्यात दहा मिनिटं ठेवला, मीटरने सर्किट सलग दाखवलं, म्हणजे तो बंद झाला. बाहेर काढून हातात धरला, थोड्या वेळाने टिक करून उघडला. काकींच्या घरात जाड्या मिठाला तोटा नव्हता, मासे खारवायला ठेवलेलंच होतं.

बायमेटल आणि फ्यूज दोन्ही एकदम बदलले. जोड सोल्डर करून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. नुसती टेप या हवेत एक पावसाळा काढत नाही.

जादा गॅसचं काय केलं

मूळ दोष सापडला तरी आधीच्या दुरुस्त्यांनी एक नवा दोष घातला होता. कॉइल स्वच्छ, पंखा जोरात, आणि तरी तासाभराने सक्शनच्या नळीवर थेट कॉम्प्रेसरपर्यंत बर्फ धरला. करंट पट्टीवरच्या आकड्याच्या वर. गॅस जास्त होता. न उडालेला द्रव कॉम्प्रेसरकडे परतत होता आणि तसाच राहिला असता तर वर्षभरात कॉम्प्रेसरचे व्हॉल्व्ह गेले असते.

आयसोब्युटेन स्वयंपाकाच्या गॅसच्याच कुळातला. हवेत त्याचं प्रमाण १.८ टक्के झालं की ठिणगी पुरते, आणि हवेपेक्षा दुप्पट जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचतो. या स्वयंपाकघरात एका बाजूला शेगडी आणि दुसऱ्या बाजूला भाताची चूल धगधगत होती. तिथे हे काम करणं म्हणजे वेडेपणा. फ्रीज मागच्या पडवीत आणला, जिथे तीन बाजू उघड्या आहेत. नळी लांब अंगणात सोडून गॅस सावकाश बाहेर काढला, मग नायट्रोजन फिरवला, आणि त्यानंतरच नळ्या जोडायचा गॅस टॉर्च पेटवला.

फिल्टर ड्रायर, म्हणजे आतलं बाष्प शोषणारी गाळणी, नवा घातला. सिस्टिम उघडली की तो बदलायचाच, आणि पावसाळ्यात तर नळीचं तोंड क्षणभरही उघडं ठेवायचं नाही. आत शिरलेलं बाष्प कॅपिलरीच्या टोकाशी गोठतं आणि मग फ्रीज ‘कधी चालतो, कधी नाही’ अशी नवीच तक्रार जन्माला येते. व्हॅक्यूम पंप बराच वेळ चालवला, बंद करून गेजचा काटा जागेवर राहतो का ते पाहिलं, आणि ५२ ग्रॅम गॅस वजनकाट्यावर मोजून सोडला. इतक्या छोट्या भरण्यात पाच ग्रॅम म्हणजे जवळजवळ दहा टक्के, ‘अंदाजाने’ हा शब्द इथे चालत नाही.

तो पितळी व्हॉल्व्ह काढून टाकला आणि पाइप चिमटून बंद केला. चालू फ्रीजमध्ये ही सक्शनची बाजू वातावरणापेक्षा कमी दाबाला असते, त्यामुळे इथे गळती झाली तर गॅस बाहेर येत नाही, हवा आत ओढली जाते. त्याचमुळे फ्रीज चालू असताना या बाजूला साबणाचा फेस लावून काहीच कळत नाही, बुडबुडा यायला दाब बाहेरच्या दिशेने हवा. फ्रीज बंद करून, दोन्ही बाजूंचे दाब सारखे होऊन कॉइल खोलीच्या तापमानाला आली, मग फेस लावला. बुडबुडा नाही.

सुरू केल्यावर तासाभरात करंट पाऊण अँपिअरवर स्थिरावला आणि सक्शनची नळी फक्त गार राहिली, बर्फ नाही.

रबर, बाष्प आणि अर्थिंग

बायमेटल बिघडला हे खरं, पण बर्फ इतक्या झपाट्याने का साचत होता? खालच्या दाराचं गॅस्केट, म्हणजे कडेचं रबर, बिजागराकडच्या कोपऱ्यात कडक झालं होतं. दहाची नोट दारात धरून ओढली की बाकी सगळीकडे अडकायची आणि तिथे सुळकन यायची.

थोडा हिशेब करू. पावसाळ्यात इथली हवा २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेची धरली तर एका घनमीटरमध्ये साधारण २४ ग्रॅम पाणी असतं. दार उघडल्यावर खालच्या कप्प्यातली निम्मी हवा बदलली, तरी दर वेळी दोनेक ग्रॅम पाणी आत येतं. खानावळीत दार दिवसात साठ वेळा सहज उघडतं. म्हणजे रोज कपभर पाणी निव्वळ हवेतून, फटीतून रात्रंदिवस शिरणारं वेगळं. कोरड्या हवेच्या गावात हाच फ्रीज हीटर बंद असतानाही कितीतरी जास्त दिवस रेटला असता.

त्या मॉडेलचं गॅस्केट लगेच मिळालं नाही. जुनंच साबणाच्या पाण्याने धुतलं, कोपरा गरम पाण्याच्या फडक्याने शेकून ताणून बसवला. चालून गेलं, पण हा कायमचा इलाज नाही, नवं मागवून ठेवायला सांगितलं.

फ्रीजच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात, हे काकींनी सगळ्यात शेवटी, जाता जाता सांगितलं. घरच्यांना त्याची सवय झाली होती. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थची वायर गंजून तुटलेली निघाली. सॉकेट बदललं, वायर जोडली. हीटर, पाणी आणि लोखंडी डबा एकत्र असलेल्या यंत्राला अर्थ नसणं, हा मला दूध फाटण्यापेक्षा मोठा दोष वाटतो.

नंतर

रात्रभर चालल्यावर सकाळी फ्रीझर उणे १८, खालचा कप्पा ४ अंश. टायमर पुन्हा हाताने फिरवला. या वेळी हीटरने करंट घेतला, काही मिनिटांनी बायमेटलने तो तोडला आणि मागच्या ट्रेमध्ये पाणी ठिबकायला लागलं. हे ठिबकणं डोळ्यांनी बघितल्याशिवाय हे काम पूर्ण झालं असं मी धरत नाही.

फ्रीज बरा चालला की खरी परीक्षा आठव्या दिवसानंतरच, हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं. चवथ झाली, चाकरमानी परतले, त्यानंतर मालवणला दुसऱ्या कामाला आलो तेव्हा वाट वाकडी करून पॅनेल पुन्हा उघडून पाहिलं. कॉइलवर पातळ पांढरी झाक, पत्र्यांच्या फटी मोकळ्या. फ्रीझरमध्ये बांगडे पुन्हा जाळीला टेकवून ठेवलेले होते. काकींना चार बोटं जागा सोडायला सांगितली. “चार बोटांत दोन बांगडे ऱ्हवतत,” हे उत्तर मिळालं. शेवटी जाळीपुढे प्लॅस्टिकची उभी चाळण अडकवून दिली.

एक गोष्ट राहिली आहे आणि ती मी बिलावरही लिहून दिली. पाण्याच्या ट्रेमधून जाणारी कंडेन्सरची, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणारी, नळी पोलादी आहे. तिचा रंग गेला आहे आणि गंजाचे पापुद्रे सुटतात. घासून, प्रायमर मारून रंग दिला, तरी दोन-तीन पावसाळ्यांत तिथे भोक पडण्याचा संभव आहे. तसं झालं तर दोन्ही कप्पे एकदम मंदावतील, कॉम्प्रेसर थांबणार नाही, आणि पॅनेल उघडल्यावर बर्फ फक्त पहिल्या दोन वळशांवर दिसेल. त्या दिवशी जो कोणी मेकॅनिक येईल त्याने खुशाल ‘गॅस गेला’ म्हणावं, पण भरण्याआधी ती नळी बदलावी.